टाचदुखी जाते आणि पुन्हा येते: कुठून तपासायचं, कुठे थांबायचं

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ जाते. दहा-पंधरा पावलं लंगडत टाकली की पाय जरा सैल होतो आणि दिवसाचं काम निभतं. दुपारी जेवून अर्धा तास पडलं, उठलं, की पुन्हा तीच कळ. संध्याकाळपर्यंत उभं राहून राहून टाच ठणकायला लागते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, भुसावळच्या बाजूला दवाखाना आहे, आणि टाचदुखीच्या बहुतेक पेशंटची कहाणी एवढ्यातच संपते. मग तो रेल्वेचा ट्रॅकमन असो, यावल-रावेरकडे केळीचे घड वाहणारा मजूर असो की दिवसभर फळ्यापुढे उभी असलेली शिक्षिका. "ताई, सकायमा टाच भुईले टेकता येत नही," एवढं ऐकलं की अर्धं निदान झालेलं असतं.

यातल्या फार थोड्यांची ही पहिली वेळ असते. आधी कुणी गोळ्या घेतलेल्या असतात, कुणी इंजेक्शन, कुणी एक्स-रे काढून "हाड वाढलंय" हे ऐकून घाबरून बसलेलं असतं. दोन-तीन महिने बरं वाटलं, मग पुन्हा सुरू. हे लिहिलंय ते अशा लोकांसाठी. माझं म्हणणं थोडक्यात असं: आपण दुखणं दाबतो, पण टाचेवर पडणारा भार आणि तो झेलायची पायाची ताकद यांचा हिशोब तसाच ठेवतो. म्हणून ते परत येतं.

आधी लक्षणं: दुखतंय नक्की कुठे आणि कधी

"टाच दुखते" या दोन शब्दांमागे निदान पाच-सहा वेगळी दुखणी असतात. उपाय वेगळे आहेत, म्हणून ही पायरी सोडू नका.

खाटेवर बसा, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या आणि अंगठ्याने टाच दाबत जा. तळव्याच्या बाजूला, टाचेच्या हाडाच्या पुढच्या आणि आतल्या कडेला एका ठरावीक जागी दाबल्यावर "आई गं" निघालं, आणि सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट असेल, तर बहुधा तळपायाच्या पट्टीचं दुखणं आहे. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात. टाचेच्या हाडापासून निघून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा हा जाड, चिवट पट्टा पायाची कमान धनुष्याच्या दोरीसारखा ताणून धरतो. चालताना टाच उचलली आणि पायाचा अंगठा मागे वाकला की पट्टा ताणला जातो आणि कमान उचलली जाते. ही यंत्रणा हिक्स नावाच्या संशोधकांनी १९५४ साली मांडली. घरी ती पडताळता येते: अंगठा हाताने वर, नडगीकडे ओढा. तळव्यात दोरीसारखा पट्टा वर येतो, आणि पट्टीचं दुखणं असेल तर अनेकांना तीच ओळखीची कळ येते.

दुखणं टाचेच्या अगदी मधोमध असेल, मुका मार लागल्यासारखं, अनवाणी फरशीवर वाढणारं आणि मऊ चप्पल घातली की लगेच कमी होणारं, तर टाचेखालची चरबीची गादी पातळ झालेली असू शकते. हे साठीच्या पुढच्या लोकांत जास्त दिसतं. ज्यांनी टाचेत एकापेक्षा जास्त वेळा स्टिरॉइडची इंजेक्शनं घेतली आहेत त्यांच्यातही दिसतं.

टाचेच्या मागे, जिथे बुटाची कड घासते तिथे दुखत असेल तर ती तळव्याची पट्टी नाही. ती पोटरीची शीर, म्हणजे अ‍ॅकिलिस टेंडन. तिचा व्यायाम वेगळा आहे, तो पुढे सांगते. जळजळ, मुंग्या, रात्री अंथरुणात पाय तापल्यासारखा वाटणं, आतल्या घोट्यामागे टिचकी मारली की तळव्यात झिणझिणी जाणं, हे नसेचं लक्षण. कमरेतून मांडीमागून निघालेली कळ टाचेपर्यंत येत असेल तर आधी कंबर तपासायला हवी. टाच चोळून तिथे काही मिळणार नाही.

आठ ते चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी कबड्डी, क्रिकेट, धावणं झालं की टाच धरून बसत असेल तर ते वाढत्या हाडाच्या चकतीचं दुखणं असतं. काही दिवस खेळ कमी, टाचेखाली मऊ पॅड, पोटरीचा हलका ताण, एवढ्यावर भागतं. हाड वाढून जुळलं की ते आपोआप संपतं. तरी मूल सतत लंगडत असेल, टाच सुजली असेल किंवा ताप येत असेल तर थांबू नका, दाखवा.

हे असेल तर पुढचं करून बघू नका

खालच्यापैकी एकही गोष्ट असेल तर घरचे प्रयोग बंद, थेट डॉक्टर:

- पडल्यावर किंवा उंचावरून उडी मारल्यावर दुखायला लागलं आणि पायावर भार घेता येत नाही.
- धावताना, उडी मारताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, "कट्" आवाज आला आणि आता चवड्यावर उभं राहता येत नाही. पोटरीची शीर तुटलेली असू शकते. त्याच दिवशी दाखवा. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्या नुकत्या घेतल्या असतील तर तेही सांगा, कारण त्या गोळ्यांनी शीर तुटण्याचा धोका वाढतो.
- टाच लाल, गरम, सुजलेली आहे, सोबत ताप आहे.
- रात्री पडल्या पडल्या, भार नसतानाही दुखतं आणि वजन उतरत चाललंय.
- साखरेचा आजार आहे आणि पायाला जखम, फोड किंवा पू धरलेली भेग आहे. दुखत नसली तरी.

आणखी एक खूण सगळ्यांच्या नजरेतून सुटते. वय चाळिशीच्या आत, दोन्ही टाचा दुखतात, आणि सकाळी कंबर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ आखडलेली असते. हालचाल केली की बरं वाटतं, पडून राहिलं की वाढतं. असं असेल तर ते टाचेचं दुखणं नाही. तो मणक्याच्या संधिवाताचा प्रकार असू शकतो आणि त्याला रक्ततपासणी आणि संधिवाताचे तज्ज्ञ लागतात. अशी पोरं वर्षानुवर्षं चपला बदलत बसतात.

पहिली तपासणी, फुकटची: गेल्या सहा आठवड्यांत काय बदललं?

टाच एका दिवसात बिघडत नाही. पट्टीवर रोजच्यापेक्षा जास्त भार पडायला लागला आणि तिला सावरायला वेळ मिळाला नाही की ती कुरकुरते. म्हणून मी पेशंटला एक्स-रेच्या आधी कॅलेंडर विचारते.

आपल्याकडे या दुखण्याला ऋतू आहेत. चैत्रात वणीच्या सप्तशृंगी गडावर पायी गेलेली मंडळी परतली की आठवड्याभरात माझा दवाखाना भरतो. वर्षभर दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला माणूस एकदम रोज पंचवीस-तीस किलोमीटर डांबरावर चालतो, तेही बऱ्याचदा अनवाणी. एप्रिल-मेच्या लग्नसराईत आचारी, वाढपी आणि घरच्या बायका फरशीवर पहाटेपासून उभ्या असतात. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी. पोलीस भरती निघाली की पोरं पहाटे हायवेच्या कडेला १६०० मीटरचा सराव सुरू करतात, आठवड्याभरात अंतर दुप्पट करतात आणि पंधरा दिवसांत टाच धरून येतात.

कारण सापडलं तर पहिला उपाय तोच: भार बंद करायचा नाही, उतरवायचा. भरतीच्या पोराने डांबर सोडून मातीच्या मैदानावर यावं, अंतर निम्म्यावर आणावं आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवावं. उभ्याच्या कामात दर तासाला पाच मिनिटं बसता येईल का ते बघावं. पूर्ण पलंगावर पडून राहणं हा उपाय नाही, कारण पट्टी आणखी ताठ आणि दुबळी होते, आणि उठल्यावर तोच भार तिला जड जातो.

इथे एक धोक्याची जागा आहे. पदयात्रा किंवा धावण्यानंतर दुखायला लागलं असेल तर टाचेचं हाड दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबा, खालून नाही, डावी-उजवीकडून. त्याने जोरात दुखलं, आणि दुखणं चालून सैल होण्याऐवजी प्रत्येक पावलाला वाढतंय असं असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. अशा तड्याला सुरुवातीचे काही दिवस साधा एक्स-रेही चकवतो. मग ताणाचे व्यायाम अजिबात नकोत, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

दुसरी: चप्पल आणि फरशी

रोजची चप्पल उलटी करून बघा. टाचेखाली रबर एका बाजूने झिजलंय का? अंगठ्याने दाबलं तर टाचेची जागा पार चपटी झालीय का? दोन्ही हातांत धरून पिळली तर फडक्यासारखी पिळते का? यातलं काही "हो" असेल तर त्या चपलेचं आयुष्य संपलंय. हवाई स्लिपर न्हाणीघरापुरती ठीक. तिच्यावर बाजार, शेत आणि शाळा करू नका. घ्यायची ती चप्पल टाचेखाली दोन-तीन सेंटीमीटर जाड, मागे पट्टा असलेली, मधून न दुमडणारी, फक्त चवड्याजवळ वाकणारी. संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात, माप बरोबर मिळतं. महाग ब्रँडची गरज नाही.

टाचेखाली घालायचे सिलिकॉनचे पॅड मेडिकलमध्ये साधारण दोनशे ते चारशे रुपयांत मिळतात. दोन्ही पायांत घाला, एकाच नाही, नाहीतर चाल तिरपी होते. पायाचा साचा घेऊन बनवलेल्या महागड्या इनसोलचा तयार इनसोलपेक्षा जास्त फायदा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, म्हणून हजारो रुपये मोजायच्या आधी तयार इनसोल वापरून बघा.

आता फरशी. जुनी माणसं मला सांगतात, शेतात दिवसभर काळ्या मातीत चाललो तरी टाच बोलत नाही, घरात आलो की बोलते. बरोबर आहे. शेणाने सारवलेली जमीन गेली, शहाबादी आली, मग टाइल्स आल्या, आणि घरात अनवाणी राहायची सवय मात्र तीच राहिली. "घरात चप्पल घाला" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: देवघर आणि स्वयंपाकघराचं काय? त्यावर माझ्याकडे तडजोडी आहेत. कधीच बाहेर न गेलेला, धुतलेला एक मऊ जोड फक्त घरासाठी ठेवा. तेही चालत नसेल तर सिलिकॉनची टाच असलेले मोजे. आणि ओट्यापुढे जाड रबरी मॅट किंवा चार घड्या घातलेलं स्वच्छ पोतं. जिथे दोन दोन तास भाकरी थापत उभं राहायचंय तिथे तरी टाच दगडावर नको.

अंथरुणाजवळ मात्र चप्पल हवीच. सकाळचं पहिलं पाऊल फरशीवर पडता कामा नये. रात्रभर पट्टी आखडलेल्या अवस्थेत असते, आणि पहिल्या पावलाला ती एकदम ताणली जाते. सकाळची कळ तिथूनच येते.

तिसरी: पोटरी किती ताठ आहे

अनवाणी, पाय थोडे फाकवून उकिडवं बसा. टाचा जमिनीवर टेकलेल्या राहतात का, की उचलल्या जातात? गुडघे दुखत असतील तर भिंतीची चाचणी करा: पायाचं बोट भिंतीपासून चार बोटांवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून बघा. लागला नाही, किंवा दुखऱ्या बाजूचा चांगल्या बाजूपेक्षा कमी गेला, तर पोटरी ताठ आहे. ताठ पोटरी घोट्याला पुढे वाकू देत नाही, आणि तो सगळा ताण तळव्यावर येतो. दिवसभर खुर्चीत बसणारे आणि उंच टाचेची चप्पल घालणारे इथेच नापास होतात.

उपाय: भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीवर, ३० सेकंद ताण. मग तोच पाय, गुडघा किंचित वाकवून, पुन्हा ३० सेकंद. दोन्ही तीन-तीन वेळा, दिवसातून दोनदा.

चौथी: पट्टीचा स्वतःचा ताण. हा चुकवू नका

सगळ्या व्यायामांतला एकच ठेवा म्हणाल तर मी हा ठेवीन. खाटेवर बसून, पहिलं पाऊल टाकायच्या आधी, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. दुखऱ्या बाजूच्या हाताने पाचही बोटं, मुळापासून धरून, नडगीकडे ओढा, तळव्यात ताण जाणवेपर्यंत. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्यातली पट्टी चाचपून बघा. ती तारेसारखी ताठ लागली पाहिजे. १० सेकंद धरा, सोडा. असं १० वेळा. दिवसातून तीनदा, आणि बराच वेळ बसून उठायच्या आधी एकदा.

२००३ साली अमेरिकेत डिजिओव्हानी आणि सहकाऱ्यांनी जुनाट टाचदुखीच्या लोकांत हा ताण आणि नुसता पोटरीचा ताण यांची तुलना केली. आठ आठवड्यांनी पट्टीचा ताण करणारे पुढे होते. लोक हा व्यायाम करतात, पण आंघोळीनंतर करतात, म्हणजे तोवर शंभर पावलं पडून गेलेली असतात. वेळ चुकली की अर्धा फायदा गेला.

गोठवलेल्या पाण्याच्या बाटलीवर तळवा फिरवणं, दहा मिनिटं, संध्याकाळी, बऱ्याच जणांना आराम देतं. साखरेवाल्यांनी हे करू नये. गरम शेकही करू नये. पायाची जाणीव कमी झाली असेल तर बर्फाने किंवा गरम पाण्याने कातडी जळाली तरी कळत नाही. आपल्या उन्हाळ्यात ४४-४५ अंशांना मंदिराच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली आणि दुसऱ्या दिवशी तळव्याला फोड दिसले, असे पेशंट दर मे महिन्यात येतात.

पाचवी: ताकद, म्हणजे परत न येण्याची गोष्ट

ताणाने दुखणं उतरतं. पण पुढच्या वेचणीला, पुढच्या लग्नसराईला पट्टी तेवढीच दुबळी असेल तर ती पुन्हा बोलणार. म्हणून दुखणं निम्म्यावर आलं की ताकदीचा व्यायाम सुरू करायचा.

जिन्याच्या पायरीवर उभं राहा, कठडा धरा. टॉवेलची गुंडाळी करून बोटांखाली ठेवा, म्हणजे बोटं वर वाकलेली राहतील. आता ३ सेकंदांत चवड्यावर चढा, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत उतरा. घाई केली तर उपयोग नाही. आधी दोन्ही पायांवर, जमलं की एका पायावर. १२-१२ चे तीन फेरे, एक दिवसाआड. सोपं झालं की पाठीवर पोराचं दप्तर घ्या आणि वजन हळूहळू वाढवा. २०१४ साली डेन्मार्कमधल्या रॅथलेफ आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीची चाचणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांनी हे करणाऱ्यांची स्थिती नुसता ताण करणाऱ्यांपेक्षा चांगली होती. वर्षाअखेर दोन्ही गट जवळजवळ सारखे झाले. म्हणजे ही जादू नाही, पण मधले महिने सोपे जातात, आणि ज्याला घड वाहायचेत त्याच्यासाठी ते महिने म्हणजे मजुरी आहे.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. मोजायचं ते दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाऊल. ते कालच्यापेक्षा वाईट असेल तर फेरे कमी करा. तसंच किंवा बरं असेल तर चालू ठेवा.

दुखणं टाचेच्या मागे असलेल्यांनी पायरीवरून टाच खाली सोडायची नाही. त्यांनी सपाट जमिनीवरच, टॉवेलशिवाय, चवड्यावर चढ-उतार करावी. शीर जिथे हाडाला चिकटते तिथे खाली सोडताना ती हाडावर दाबली जाते आणि दुखणं वाढतं.

आणि धीर धरा. ६ ते १२ आठवडे नेमाने केल्याशिवाय "काही फरक नाही" म्हणू नका. बहुतेकांचं दुखणं वर्षभराच्या आत शस्त्रक्रियेशिवाय जातं.

घरगुती उपायांबद्दल

तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाचेने शेक घेणं खानदेशात घरोघरी आहे. उबेने तात्पुरतं बरं वाटतं, त्याला माझी हरकत नाही. फक्त वीट हाताला सोसेल एवढीच गरम, रुईचा चीक डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, आणि साखरेवाल्यांनी हे टाळायचं. बिब्बा मात्र नको. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि मग टाचदुखीसोबत जखमही सांभाळावी लागते. गावात कुणाकडून तापल्या लोखंडाने डाग घेणं, तेही नको. आयुर्वेदात टाचदुखीला वातकंटक म्हणतात आणि अग्निकर्म हा उपचारही आहे, पण तो शिकलेल्या वैद्याचा विषय आहे, चुलीतल्या सळईचा नाही.

मेडिकलवरून डायक्लोफेनॅक आणून महिना महिना खाणारे पुष्कळ आहेत. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा पोटाच्या अल्सरचा त्रास असेल तर या गोळ्या महागात पडतात. दोन-चार दिवसांपलीकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

सहावी: एक्स-रे, सोनोग्राफी, रक्त

इथून पैसे लागतात, म्हणून हे शेवटाकडे.

एक्स-रेमध्ये टाचेखाली काट्यासारखं हाड दिसलं की लोक हादरतात. तो काटा टाच अजिबात न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांतही दिसतो, आणि ज्यांची टाच बरी होते त्यांच्याही एक्स-रेत तो तसाच राहतो. "हाड वाढलंय, कापावं लागेल" हे वाक्य ऐकलंत तर दुसरं मत घ्या. एक्स-रेचा खरा उपयोग तडा किंवा हाडाचा दुसरा आजार नाही ना हे बघायला. पट्टी बघायला सोनोग्राफी बरी. ४ मिलिमीटरच्या वर जाडी असेल तर पट्टी बिघडलीय असं धरतात.

युरिक अ‍ॅसिड जरासं वाढलेलं दिसलं की टाचेचा दोष त्याच्या माथी मारतात. गाउट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचा संधिवात, बहुधा पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात येतो आणि सांधा लाल, गरम, हात लावू न देणारा होतो. सकाळच्या पहिल्या पावलाची कळ म्हणजे गाउट नव्हे. साखर मात्र नक्की तपासा, विशेषतः तळव्यात मुंग्या असतील तर.

सातवी: सुई, शॉकवेव्ह, शस्त्रक्रिया

स्टिरॉइडचं इंजेक्शन लवकर आराम देतं, पण तो आराम साधारण महिन्याभराचा असतो. घरी लग्न आहे, उभं राहणं टळणार नाही, अशा वेळी डॉक्टरांनी एकदा दिलं तर मी विरोध करत नाही. पण त्या महिन्यात व्यायाम केला नाही तर दुखणं परत येतं, मग दुसरं, तिसरं इंजेक्शन, आणि पट्टी फाटण्याचा आणि टाचेखालची गादी झिजण्याचा धोका वाढत जातो. साखर असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस ती वाढते, तेव्हा आधी सांगा.

सहा महिने नेमाने सगळं करूनही दुखत असेल तर शॉकवेव्ह, म्हणजे मशीनने बाहेरून टाचेवर दाबलहरींचे ठोके देणं, हा पुढचा पर्याय. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते, आणि त्याआधी वर्षभर बाकी सगळं झालेलं असावं.

कधी थांबायचं

वरच्या धोक्याच्या खुणा असतील तर आजच. चप्पल, भार आणि ताण यांवर सहा आठवडे प्रामाणिकपणे दिले आणि सकाळचं पाऊल तसूभरही सुधारलं नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट. मुंग्या-जळजळ वाढतेय किंवा पायाची ताकद कमी वाटतेय, तरी तेच. खासगी खर्च झेपत नसेल तर धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे अस्थिरोग विभागात जा.

जाताना जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची पाकिटं घ्या. इंजेक्शन कधी आणि किती घेतली ते कागदावर लिहून न्या. आणि नवी चप्पल घालून जाऊ नका. रोजची, झिजलेली, तीच घाला. तिच्या तळाकडे बघून अर्ध्या गोष्टी कळतात.